देणगी नको म्हणतोय मामा. चिपळुणातल्या दुकानाला मदत करायची तर कशी?

ओटीवरून:

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

माझ्या मामाचं चिपळूणच्या बाजारपेठेत स्टेशनरी-कटलरीचं दुकान आहे, आजोबांनी काढलेलं. वह्या, पेनं, रिळं, बांगड्या, पिना, गणपतीत कंठ्या-झालरी, लग्नसराईत मुंडावळ्या, असा सगळा पसारा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं, तेव्हा मामाने रात्रीच माल माळ्यावर चढवला होता. दुकानाच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण आहे. माळा तिच्याहून हातभर वर, म्हणून तो निर्धास्त. पाणी माळ्यावरून गेलं. ओसरल्यावर गुडघाभर चिखल आणि त्यात वह्यांचा लगदा. त्या वर्षी गणपती १० सप्टेंबरला होते, त्यामुळे गणपतीचा निम्मा माल आधीच भरून ठेवलेला.

तेव्हा मदत खूप आली. पाणी, बिस्किटं, चादरी, आणि जुन्या साड्यांचे तर ढीग. कुठकुठली पोरं फावडी घेऊन चिखल उपसायला आली, त्यांची आठवण निघाली की मामी अजून हात जोडते. सरकारने दुकानदाराला कमाल ५० हजार आणि टपरीवाल्याला १० हजार जाहीर केले. त्यातून शटर आणि दोन कपाटं झाली, माल उधारीवर भरला आणि दुकान पुन्हा उभं राहिलं.

आता चार वर्षांनी ते हळूहळू बसतंय. यावेळी पाणी नाही, चिखल नाही, त्यामुळे ट्रक घेऊनही कोणी येत नाही. मामा म्हणतो, दिवाळी झाली की शटर ओढतो आणि गाळा भाड्याने देतो. मावसभावाने लगेच घरच्या ग्रुपवर टाकलं की लोकवर्गणीची लिंक काढू, प्रत्येकी पाच हजार. मामाने रात्री साडेदहाला त्याला फोन केला: "मी काय आयसीयूत आहे काय रे?"

तर प्रश्न असा की देणगी न देता अशा दुकानाला मदत करता येते का? कोणाच्या गावात कोणी केलंय का?

---

काजूगर:

वाचतेय. आमच्या गुहागरातली दोन दुकानं अशीच गेली. एकाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात, दुसऱ्याच्या जागी काहीच मिळत नाही.

---

पावशेर:

कटू बोलतो, हलके घ्या.

ग्राहकाने दुकान का वाचवायचं? माझ्या कोपऱ्यावरचा वाणी (पुणे, भाग सांगत नाही) सुट्ट्या पैशांऐवजी गोळ्या देतो. वस्तू परत घेत नाही. छापील किमतीवर एक रुपया कमी करायचा म्हटलं तर चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. ॲपवर मी रात्री अकरा वाजता कोथिंबीर मागवतो, सडकी निघाली तर पैसे परत. लोक गावातल्या दुकानाविषयी गहिवरून लिहितात आणि लिहिता लिहिता मोबाइलवर वही मागवतात. मी निदान गहिवरत तरी नाही.

---

टेबलफॅन:

@पावशेर, लॉकडाऊनमध्ये ॲपवर डिलिव्हरीचा स्लॉट मिळत नव्हता, तेव्हा गोळ्या देणाऱ्या त्याच वाण्याने शटर अर्धं वर करून साखर दिली असेल की तुम्हाला.

---

पावशेर:

दिली. रोख घेऊन आणि जास्त भावाने.

---

सांगलीची हळद:

धागाकर्ते, विम्याचं काय झालं ते लिहिलं नाहीत. आमच्याकडे सांगलीत २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. हरभट रोड, मारुती रोड सगळं पाण्याखाली. आमचं कापडाचं दुकान. त्या पुराने आम्हाला जे शिकवलं ते लिहिते, तुमच्या मामांना नाही तर दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल.

आमचा विमा होता, म्हणजे बँकेने कॅश क्रेडिट देताना काढायला लावलेला. बाबांनी हप्ता कमी यावा म्हणून रक्कम कमी दाखवलेली. दुकानात माल होता वीस लाखांचा, विमा दहाचा. नुकसान आठ लाखांचं झालं. आम्हाला वाटलं दहाच्या आतच आहे, पूर्ण मिळेल. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने सांगितलं की तुम्ही निम्म्याच मालाचा विमा काढला होता, म्हणून नुकसानीचेही निम्मेच मिळतील. चार लाख. बाबा त्या माणसावर चिडले, पण तो नियमाप्रमाणेच बोलत होता.

१ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची ठरावीक मसुद्याची पॉलिसी सगळ्या कंपन्यांना ठेवावी लागते. इमारत, यंत्रं, माल मिळून ५ कोटींपर्यंतच्या धंद्याला ती चालते. पूर तिच्यात धरलेला असतो आणि रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर कपात करत नाहीत. सणाआधी माल वाढला की थोडा जादा हप्ता भरून रक्कम वाढवून घ्या. बहुतेक लोक इथेच चुकतात, कारण पूर जुलै-ऑगस्टात येतो आणि गणपतीचा माल तेव्हाच दुकानात असतो.

दुसरं, खरेदीची बिलं. आमची बिलं दुकानातच होती, ती मालाबरोबर भिजली. दावा करायचा तर माल होता हे दाखवायचं कशावरून? तेव्हापासून माझी वहिनी रोज संध्याकाळी बिलांचे फोटो काढून स्वतःलाच मेल करते. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा या एका सवयीने आम्ही वाचलो.

---

ओटीवरून:

@सांगलीची हळद, दंडवत घ्या. मामाचा विमा नव्हता. "दोन हजार पाचला आलं, आता शंभर वर्षं येत नाही," हे त्याचं शास्त्र. तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा मामीला पाठवलाय. मामाला पाठवून उपयोग नाही.

@पावशेर, तुमचं अर्धं बरोबर आहे. मामाही गिऱ्हाइकाशी फार गोड बोलतो असं नाही.

काल त्याच्याशी तासभर बोललो. मला वाटत होतं की विक्री पडली म्हणून दुकान बसतंय. विक्री पडली आहेच. एका शाळेने वह्या स्वतःच विकायला सुरुवात केली, तिथे जूनचा धंदा गेला. पण त्याची खरी अडचण वेगळी निघाली. त्याच्याच शब्दांत लिहितो:

"गणपतीचा माल मला जूनमध्ये उचलावा लागतो. मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरचा व्यापारी रोखीला तीन-चार टक्के सोडतो, उधारीला सोडत नाही, वर तीस दिवसांत पैसे मागतो. माझं गिऱ्हाईक येतं गणपतीच्या आधी आठ दिवस. मधले दोन महिने मी पतपेढीचं व्याज भरतो. उरलेला माल वर्षभर पडून. थर्माकोलची मखरं आठवतात ना? बंदी आली २०१८ ला, माझी तीस मखरं माळ्यावर होती. पुरात वाहून गेली ते एक बरं झालं."

आणि मग म्हणाला, "तुझे पाच हजार मला आज देऊन काय करू? जूनमध्ये दोन हजार मिळाले तर ते पाचाच्या बरोबरीचे आहेत."

---

हिशेबनीस:

मामांना खेळत्या भांडवलाचं अख्खं प्रकरण तोंडपाठ आहे. आम्ही लोकांकडून फी घेऊन हेच सांगतो.

दोन प्रश्न. एक, येणी (लोकांकडून यायचे पैसे) किती आहेत? दोन, ती कोणाकडे आहेत? माझा अनुभव असा की छोट्या दुकानाची उधारी गरीब गिऱ्हाइकाकडे फारशी अडकत नाही. मोलकरीण पगार झाला की वीस रुपयांसकट देते. पैसे अडकतात संस्था, कचेऱ्या, मंडळं आणि नातेवाईक यांच्याकडे.

कोणीतरी आता ४५ दिवसांच्या नियमाचं नाव काढेलच, म्हणून आधीच सांगतो. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागतं. पण ते उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये उद्यम नोंदणी (या छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) खुली केली ती फक्त बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. म्हणजे कचेरीला रजिस्टरं पुरवून मामा आठ महिने वाट बघत असतील, तर या कायद्याखाली दाद नाही. कपाट बनवून देणाऱ्या सुताराला आहे.

---

ओटीवरून:

येणी विचारली. मामा म्हणाला, "असतील काहीतरी." उधारीची वही मामी लिहिते. २०२१ ची वही पाण्यात गेली होती. पूर ओसरल्यावर लोक आपणहून येऊन सांगून गेले की माझे अमुक राहिलेत. मार्कंडीतल्या एक शिक्षिका तर ओल्या चपलांनी येऊन ११० रुपये देऊन गेल्या, त्यांच्या स्वतःच्या घरात चिखल असताना. काही आले नाहीत. ते कोण, हे मामीला पाठ आहे, पण ती सांगत नाही.

---

पेठमाप:

मी चिपळूणचाच. मामा कोण ते ओळखलं असावं, पण इथे लिहीत नाही.

दुकानाला मदत म्हणजे फक्त दुकानात जाऊन खरेदी, असं समजू नका. पुरानंतर आम्हा बाजारपेठेतल्या लोकांना प्रश्न होता की पुन्हा माल भरायचा कोणाच्या भरवशावर. शिव नदी आणि वाशिष्ठी गाळाने भरलेल्या. शिवाय पूररेषा (पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या) आखल्या, निळी आणि लाल, आणि अख्खी बाजारपेठच रेषेच्या आत. मग डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीचं साखळी उपोषण झालं. तिथे बसलेले लोक फक्त व्यापारी नव्हते. डॉक्टर होते, वकील होते, रिटायर मास्तर होते, बायका घरचं उरकून दुपारी यायच्या. त्यानंतर गाळ काढायची यंत्रं नदीत उतरली, पुढे नाम फाउंडेशनही आलं.

त्यानंतर पाऊस पडला की आम्ही अजूनही रात्री जागतो, पण माल भरायचा धीर आला. त्या मंडपात येऊन तासभर बसलेल्या माणसाने माझ्या दुकानातून कधी टाचणी घेतली नसेल, तरी त्याने माझ्या दुकानाला मदत केली असं मी धरतो.

---

काजूगर:

@पेठमाप +१

---

आखाती आंबा:

मी दुबईला असतो, मूळ खेर्डीचा. मला काही कळत नाही बुवा, मामा पैसे घेत नाही, मग आम्ही लांबच्यांनी काय करायचं? आम्ही काय तिकडून पेन्सिली मागवायच्या?

---

पावशेर:

मागवा की. कस्टमला सांगा, भावनिक खरेदी आहे.

---

आजीचा बटवा:

पावशेर, तुमच्या जिभेला हाड नाही. पण धाग्यात मजा आणलीत.

मला मामांच्या जून महिन्यावरून एक आठवलं. माझी आई मुंबई ग्राहक पंचायतीची जुनी सभासद. ही संस्था १९७५ ची. आमच्या चाळीतल्या घरांचा एक गट होता. महिनाभर आधी प्रत्येकीने छापील यादी भरायची: तूरडाळ इतकी, साबण इतके, पोहे इतके. पैसे वेळेवर. मग ठरल्या दिवशी टेम्पो यायचा, सामान एका घरी उतरायचं आणि बायका वाटून घ्यायच्या. आम्हा पोरांना त्या दिवशी पिशव्या वाहायचं काम. पुढच्या महिन्यात काय लागेल ते आधी कळायला हवं, म्हणून आई शुक्रवारी रात्री डबे हलवून बघायची.

गंमत अशी की ग्राहक पंचायत निघाली ती दुकानदाराला वळसा घालण्यासाठी. भेसळ आणि चढे भाव यांना लोक कंटाळले होते. पण तिची युक्ती दुकानदारालाही वापरता येईल ना? काय लागणार ते आधी सांगायचं, थोडे पैसे आधी द्यायचे. विकत घेणार कोण हे माहीत असलं की तो माल अडकत नाही, आणि रोखीने उचलला की स्वस्त पडतो.

---

हिशेबनीस:

@आजीचा बटवा, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. फक्त तीन गोष्टी पाळा. आगाऊ पैशाची पावती द्या. माल आला नाही तर परत कधी देणार ते आधी लिहा. आणि यादीतला भाव आधी ठरवा, नाहीतर नात्यात वितुष्ट येईल. मामा कंपोझिशनमध्ये (जीएसटीची छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी योजना, उलाढाल दीड कोटींच्या आत असेल तर घेता येते) असतील तर बिलावर जीएसटी वेगळा लावता येत नाही, तेव्हा भाव एकच, सगळं धरून.

---

ओटीवरून:

उशिरा अपडेट देतोय, क्षमस्व.

आमचे पंचेचाळीस-पन्नास नातेवाईक आणि वाडीतले लोक मुंबई, ठाणे, पुण्यात आहेत. गणपतीला सगळे गावी जातात आणि जाताना गणपतीचं सामान दादरहून भरून नेतात. दिव्यांच्या माळा, झालर, कापूर, वाती, वस्त्रमाळा, पत्रावळी, पोरांच्या टिकल्यांची पिस्तुलं. गाडीच्या टपावर बांधून, परशुराम घाटातून, चिपळुणाच्या बाजारावरून. मीही हेच करत आलोय. लिहिताना लाज वाटली.

मी बत्तीस वस्तूंची यादी केली, मामाने शेजारी भाव लिहिले. काही दादरपेक्षा चढे होते, ते मी तसेच ठेवले. ग्रुपवर टाकली. निम्मे पैसे आधी, निम्मे माल उचलताना. पहिल्या दिवशी चार जणांनी नुसतं अंगठ्याचं चिन्ह टाकलं. अंगठ्याने माल येत नाही, हे एकेकाला फोन करून सांगावं लागलं. एका काकांनी विचारलं, "म्हणजे दादरला जायचंच नाही?" मी म्हटलं, जा, पण फिरायला जा.

शेवटी अठरा घरांनी यादी भरली. मामाला वाटलं होतं पाच भरतील. वाती आणि वस्त्रमाळा त्याने या वेळी मुंबईहून आणल्याच नाहीत, गावातल्या बचतगटाला ऑर्डर दिली, कारण किती लागणार ते पक्कं माहीत होतं. बाकी माल रोखीने उचलला. मखरं अजिबात घेतली नाहीत.

@आखाती आंबा, तुम्ही खेर्डीतल्या घरासाठी यादी भरू शकता. माल तुमचे आईवडील उचलतील.

---

आखाती आंबा:

व्यनि (खाजगी निरोप) केलाय. कापूर दुप्पट लिहा, आमच्याकडे आरत्या लांबतात.

---

पावशेर:

अठरा घरांनी दुकान वाचत नाही. दिवाळीनंतर काय? जानेवारीत कोण यादी भरणार? आणि शाळेने वह्यांचा धंदा नेला तो परत येणार आहे का?

प्रश्न खवचट नाही, खरोखर विचारतोय.

---

ओटीवरून:

@पावशेर, उत्तर नाही माझ्याकडे. मामाकडेही नाही. दिवाळीनंतर बंद करायचं त्याने अजून रद्द केलेलं नाही, "बघू" एवढ्यावर आलाय. जूनमधल्या वह्यांसाठी यादी करता येईल असं मामी म्हणते. तिने शेजारच्या दोन वाड्यांत विचारूनही ठेवलंय. पॉलिसीचीही चौकशी केली तिनेच. मामाला हप्ता भरल्यावर सांगणार आहे.

---

हिशेबनीस:

आणि येणी?

---

ओटीवरून:

तेच लिहायला आलो होतो.

मागच्या शनिवारी चिपळुणात होतो. माल मोजून झाला, मामा जेवायला वर गेला. मी मामीला म्हटलं, वही दाखव, फोन करून वसुली तरी करून देतो. ती नाही म्हणत होती. मग दिली.

सगळ्यात मोठी रक्कम एका कचेरीची, रजिस्टरं आणि फाइलींची, मागच्या दिवाळीपासूनची. हिशेबनीस, तुमचा अंदाज बरोबर. त्याखाली दोन मंडळं. मग बारीकसारीक नावं. आणि सातव्या पानावर आमचं घर. ताईच्या लग्नातल्या रुखवताचं सामान, मुंडावळ्या, बांगड्या, पत्रिकांची पाकिटं. ३,४८०. तारीख फेब्रुवारी २०२३. बाबांनी "नंतर बघू" म्हटलं असणार आणि मामाने "असू दे रे" म्हटलं असणार.

मी म्हटलं, मामी, हे मागितलं का नाहीस कधी? ती म्हणाली, "बहिणीच्या घरी मागायचं असतं काय? हे मामा लिहीत नाहीत, मी लिहिते."

पैसे दिले. तिने चष्मा लावून ओळीवर काट मारली, बाजूला तारीख घातली, आणि वरून मामाच्या चपलांचा आवाज आला तशी वही गल्ल्याखाली सरकवली.

कचेरीत सोमवारी जाऊन आलो. साहेब रजेवर होते. पुढच्या सोमवारी पुन्हा जातोय.